खुर्ची सोडून उठताना

परवा अमरावतीत मी अँब्युलन्सचा ड्रायव्हर झालो... या वयात, आणि बसल्या खुर्चीवर.

माझी लेक इथे समुपदेशनाचा कोर्स शिकवते. तिच्या विद्यार्थ्यांना सरावासाठी कुणीतरी खोटा दुखणेकरी लागतो. अकोल्याचं घर बंद करून तिच्याकडे राहायला आलो, तेव्हापासून तो मान माझा... मागच्या महिन्यात मी बारावीत नापास झालेला पोरगा होतो, त्याआधी दारू सोडू पाहणारा कारकून.

थकायला होतं हो. रडणं खोटं असलं तरी छाती खरीच भरून येते. लहानपणी अकोल्याच्या शाळेतही असंच व्हायचं... गुरुजी टेबलावर बोटांनी ताल धरायचे, अख्खा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा, आणि कवितेतल्या आईसाठी माझे डोळे वाहायचे. घंटा झाली तरी मी तिथेच. मित्र हाताला धरून बाहेर ओढायचे.

परवा वर्गात पाहुणे होते. अपघाताच्या कॉलवर धावणारे चार अँब्युलन्सवाले, मनावरच्या ताणाबद्दल बोलायला बोलावलेले. चौघंही मागच्या ओळीत, दाराजवळ, हाताची घडी घालून बसले. विचारलं की एकच उत्तर, आमचं सगळं ठीक आहे मॅडम... शेवटी लेकीनं मलाच पुढे केलं. बाबा, आज तुम्ही ड्रायव्हर.

समोर प्रतीक्षा बसली. अचलपूरची मुलगी, कोर्स संपत आलेला. मी सुरू झालो... आणि कवितेची सवय नडली. माझ्या ड्रायव्हरच्या तोंडी मावळता सूर्य आला, रस्त्याकडेचे मुके पळस आले, वाऱ्यात विझणारा दिवा आला. मागून खुसखुस ऐकू यायला लागली.

"काका, इतकं बोलता आलं असतं त आमी कीर्तनच नसतं का केलं?" त्यांच्यातला एक जण म्हणाला.

सगळे हसले, मीही हसलो. पण अंगाला घाम सुटला होता.

सराव संपला की आमच्या वर्गात एक रीत आहे. भूमिका अंगावर घेऊन कुणी घरी जायचं नाही. खुर्ची सोडून उठायचं, अंग झटकायचं, आपलं खरं नाव सांगायचं, आणि घरी जाऊन काय करणार तेही. मी उठलो, हातपाय झटकले. म्हणालो, मी ड्रायव्हर नाही, मी एसटीतून रिटायर झालेला कारकून, आता घरी जाऊन मुगाची खिचडी खाणार...

"हे आमाले काहून नाई शिकवलं कोणी?"

आवाज मागून आला. त्या कीर्तनवाल्याच्या शेजारी बसलेले, तोवर एक शब्दही न बोललेले. त्यांना इथे संतोष म्हणतो... नाव बदललंय, आणि त्यांना विचारूनच लिहितोय.

प्रतीक्षाच्या तयारीत श्वासाचे व्यायाम होते, हे नव्हतं. तिनं लेकीकडे पाहिलं, लेकीनं मानेनंच होकार दिला. संतोष पुढे आले, माझ्या खुर्चीवर बसले आणि लगेच उठले. अंग झटकलं. नाव सांगितलं... आणि मागोमाग गाडीचा नंबर.

गाडी नको, नुसते तुम्ही, असं प्रतीक्षा म्हणाली. पुन्हा नाव, पुन्हा नंबर. यावेळी कुणी हसलं नाही. घरी जाऊन काय करणार, या प्रश्नाशी तर ते अडलेच.

मग तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. परतवाडा रोडवर एका लहान मुलीला उचललं होतं, दवाखान्यात पोचेपर्यंत ती उरली नाही. त्यांच्या लेकीएवढीच. तेव्हापासून ड्युटी संपली की घरी जातात, अंग धुतात, आणि परत गाडीत येऊन झोपतात...

"पोरगी जवळ आली का मी सरकतो. तिले वाटते बाप रागावला. आता त तिनं येनंच सोडलं."

अशा वेळी म्हणायची वाक्यं पुस्तकात आहेत. प्रतीक्षाला ती पाठ आहेत, माझ्यावरच तर घोटलीत. त्यातलं एकही ती बोलली नाही. कितीतरी वेळ काहीच बोलली नाही... मग विचारलं, "तुमच्या पोरीचं नाव काय हो दादा?"

त्यांनी सांगितलं. आणि रडले... माझ्यासारखं नाही. खाली पाहून, आवाज न करता.

कीर्तनवाला उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "मी बी गाडीतच झोपतो लेका. तुले काय वाटलं, मी तिथं मच्छर माराले जातो?"

माझ्या लेकीनं दोघांनाही एका अनुभवी समुपदेशक ताईंची वेळ घेऊन दिली. खुर्चीवरून उठलं की सगळं सुटतं असं थोडंच आहे... तोवर ड्युटी संपल्यावर एकमेकांना नाव आणि घरी जाऊन काय करणार, एवढं विचारायचं, इतकंच ठरलं.

त्या संध्याकाळी खिचडी ताटात तशीच राहिली. मी खेळत होतो ते दुःख कुणाचं तरी रोजचं होतं... आणि मी त्याला पळस चिकटवत बसलो होतो.

आज सकाळी संतोषचा फोन आला. काल गाडीतून उतरल्यावर कीर्तनवाल्यानं त्यांना खरंच नाव विचारलं म्हणे... चिडवत, पण विचारलं. मग ते घरी गेले, जेवले. पोरगी टीव्ही पाहत होती, तिच्या शेजारी जाऊन बसले. बऱ्याच वेळानं तिनं हळूच डोकं टेकवलं.

"सरकलो नाई, काका." तेवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

थकलोय खरा. पण पुढच्या आठवड्यात परत त्या खुर्चीवर बसणार आहे, यावेळी कमी बोलणार आहे... प्रतीक्षा, तू त्या वेळी गप्प राहिलीस, त्याबद्दल तुझे आभार.