तलाव बंद असताना

ती घटना आठवली की आजही माझी नजर आधी आभाळाकडे जाते. सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. मी भंडारा जिल्ह्यात फौजदार होतो आणि करडीकडचा जंगलपट्टा माझ्या हद्दीत येत होता. त्या पट्ट्यात एक मोठा तलाव होता. मध्ये झाडीची दोन-तीन बेटं, त्यातल्या एकावर जुन्या देवळाचे घडीव दगड. लांबून माणसं ते पाहायला येत. आम्ही मात्र त्या बाजूला गेलो तर भांडण मिटवायला नाहीतर प्रेत काढायला.

आषाढातली झड लागली होती. सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना एक बाई भिजत आल्या. नवरा कालपासून परतला नव्हता. दोघं कोकणातल्या खाडीकाठची. नवरा नोकरीतून निवृत्त झालेला आणि पायाला भिंगरी लावलेला. पवनीचा जुना तट पाहून, जंगलातल्या पायवाटा तुडवून दोघं वनखात्याच्या विश्रामगृहात उतरली होती.

"तलाव पाहिला आणि हरखलेच," बाई म्हणाल्या. "म्हणाले, हे तर आपल्या खाडीसारखंच आहे, बेटंसुद्धा आहेत. काल दुपारी बेट बघून येतो म्हणून गेले."

"पोहता येतं का त्यांना?"

"समुद्रात वाढलेत. म्हणून तर भीती वाटते हो."

बाईंचं म्हणणं मला पटलं. समुद्र पाहिलेला माणूस तळ्याला जुमानत नाही, आणि आमच्या तळ्यात बुडालेली झाडं आणि कमळाची देठं पाय धरतात.

बेपत्ता झाल्याची खबर लिहून घेतली. हवालदाराला तलावाकडे धाडणार, तोच तिथले पोलीस पाटील एका ढिवराला, म्हणजे तलावावर मासेमारी करणाऱ्याला, दंडाला धरून आत आले. पाटील स्वतःही ढिवरच, समाजाचे प्रमुख. शब्द तोलून बोलणारा माणूस. त्यांनी टेबलावर कातडी बुटांचा जोड ठेवला. बाईंनी बूट पाहिले आणि तोंडावर पदर दाबून त्या बाकावर बसल्या.

"यांचेच," एवढंच म्हणाल्या.

पाटलांनी सांगितलं, "रातभर आमी तलावाच्या पाळीवर, बांधावर होतो साहेब, पाळ फुटन म्हणून. उजाडल्यावर हा जोडे काखेत घेऊन पान्याकडे जाऊन राहिला होता. कोनाचे म्हून विचारलं तं तोंडातून शब्द नाही. जोडे बुडवाले चालला असन."

"पाहुणा बेटावर तर गेला नसेल?"

"कसा जाईन जी? तलाव बंद हाय."

हे तलाव बंद असणं काय ते सांगायला हवं. आषाढात मासळी अंड्यावर येते. तेव्हा समाज तलाव बंद करतो. सगळे डोंगे, म्हणजे खोड कोरून केलेल्या होड्या, काठावर पालथ्या घालतात. पोळ्यापर्यंत कोणी पाण्यात डोंगा लोटायचा नाही. लोटला तर त्याला तलावातून काढतात, आणि तलावातून काढलेल्या ढिवराला पोटासाठी गाव सोडावं लागतं. आमच्या कायद्यापेक्षा हा कायदा जास्त पाळला जाई. त्यामुळे बेटाचा विचार मीही बाजूला ठेवला. काठावरच घात झाला, असंच चित्र दिसत होतं.

ढिवराला समोर बसवलं. चाळिशीचा, काटक. बूट कुठून आले? गप्प. माणूस कुठे आहे? गप्प. मी आवाज चढवला, हवालदाराने टेबलावर दंडुका आपटला. त्याने मान वर केली नाही. पाटील शेजारी बसून समजावत होते, "सांग ना बा, काहून आपल्या जातीले बट्टा लावून राहिला?" तो आणखीच मिटला.

दुपार झाली. कौलांवर पावसाचा आवाज वाढला, तसा तो पहिल्यांदा बोलला.

"साहेब, पानी चढलं का जी?"

मी दुर्लक्ष केलं. चहा पुढे ठेवला तर त्याने हात लावला नाही. खिडकीकडे पाहत पुन्हा म्हणाला, "तलावाचं पानी कुठवर आलं असन?"

गुन्हेगार मी पुष्कळ पाहिले. कोठडीत बसलेला माणूस विचारतो ते स्वतःचं. मला सोडणार कधी, माझ्या घरी कळवलं का, मारणार तर नाही ना. हा मात्र पाण्याची चौकशी करत होता. मी पाटलांना म्हटलं, "तुम्ही बाईंना घेऊन जरा बाहेर बसा." दार लोटून घेतलं आणि विचारलं, "तो माणूस जिवंत आहे ना?"

तो ओक्साबोक्शी रडायला लागला. पोरीला ताप होता, पाहुण्याने आपल्या जवळच्या गोळ्या दिल्या, पोर उठून बसली. दुसऱ्या दिवशी त्याच पाहुण्याने बेट दाखव म्हणून गळ घातली. नाही म्हणवेना. दुपारी कोणी नाही पाहून त्याला बेटावर सोडलं आणि डोंगा पुन्हा पालथा घातला.

"जोडे भिजतीन म्हून माह्याजवळ देल्ले त्यायनं. सांजच्याले आनाले जानार होतो. पन पाळीवर समदा गाव उभा. सकाळी जाऊन राहिलो होतो, तं पाटलानं धरलं. त्यायच्यासमोर कसं सांगू जी? ते बेट बुडते साहेब, लय पानी आलं का बुडते."

सगळ्यांना घेऊन जीप काढली. काठावर डोंगे ओळीने पालथे पडले होते आणि गावातला एकही माणूस त्यांना हात लावायला तयार नव्हता. बेटाच्या जागी झाडांचे शेंडे तेवढे दिसत होते. बाई पाण्याच्या कडेला उभ्या राहून नवऱ्याला हाका मारत होत्या. मी पाटलांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हा माणूस नियम सांगेल, आणि सांगितला असता तर मी हात उचलला असता.

पाटलांनी पायातल्या वहाणा काढल्या, ओंजळभर पाणी घेऊन कपाळाला लावलं आणि म्हणाले, "माय, माफ कर." मग ढिवराला म्हणाले, "चाल, लोट. मी बसतो संगं."

ते दोघं परत आले तेव्हा डोंग्यात पाहुणा आडवा होता. रात्रभर झाडाच्या फांदीला बिलगून राहिलेला, ओठ निळे, हाताची सालटं निघालेली, पण जिवंत. बाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि मग त्याला अशा काही शिव्या दिल्या की आमचा हवालदार दुसरीकडे पाहू लागला.

गुन्हा दाखल झाला नाही. समाजाची बैठक मात्र बसली, तिच्यात मला शब्द टाकता आला नाही. पोळा झाल्यावर मी त्या बाजूला गेलो. तलाव उघडला होता, सगळे डोंगे पाण्यात होते. काठावर ढिवर जाळं विणत बसला होता. मी विचारलं, "तलावातून काढलं नाही ना?"

"नाही जी. हंगामभर पान्यात उतराचं नाही म्हून ठरलं." त्याने मानेने शेजारी दाखवलं. तिथे पाटीलही मांडी घालून जाळ्याला गाठी मारत होते.

"तुम्हालाही?" मी विचारलं.

"डोंगा तं मीबी लोटला ना साहेब," पाटील म्हणाले.

त्यानंतर कोणत्याही चौकशीला बसताना मी आधी पाहत असे की खोलीत आणखी कोण बसलं आहे. माणूस पोलिसापेक्षा आपल्या माणसाला जास्त भितो, हे त्या प्रकरणाने मला शिकवलं. पण निघताना ढिवर जे बोलला ते शिकण्यापलीकडचं होतं. आवाज खाली आणून तो म्हणाला, "साहेब, मले एकट्याले काठावर बसवलं असतं तं मी गाव सोडून गेलो असतो. पाटील बसले ना बाजूले."

पाटलांनी ऐकलं असावं. त्यांनी फक्त जाळ्याचं दुसरं टोक त्याच्याकडे सरकवलं.