पंच्याऐंशीची लेन्स आणि सासूबाईंची पंच्याहत्तरी

सासूबाईंच्या पंच्याहत्तरीचा एकही धड फोटो घरात नाही, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

त्या दिवशी माझी बायको सुनीता आणि तिच्या दोघी बहिणी अकरा वर्षांनी एकत्र आल्या होत्या, आमच्या जयपूरच्या फ्लॅटमध्ये. बहिणी दुपारच्या गाडीने परत जाणार होत्या. आईंची मागणी एकच, "तिघी लेकी ओवाळताना एक फोटो हवा." मी नुकतीच कॅमेऱ्याला पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स घेतली होती. (चेहरे सुंदर येतात, असं दुकानदार म्हणाला होता. खोली केवढी लागते, हे मी विचारलं नाही.) वर फर्मान काढलं, "मोबाइलवर कोणी फोटो काढायचा नाही!" आणि सगळ्यांचे मोबाइल कपाटात कोंडले.

ताटात कणकेचे पंच्याहत्तर दिवे लागले. मी कॅमेऱ्यातून पाहिलं. आईंचा चेहरा आणि कडेला कोणाचं तरी कोपर!

"अहो, मागे सरका," सुनीता म्हणाली.

सरकलो. भिंत लागली. दारातून बाहेर गेलो. तरी दोनच लेकी! शेवटी समोरच्या फ्लॅटचं दार वाजवलं.

"भाभीजी, ज़रा अंदर आ जाऊँ?"

"आइए ना भाईसाहब! चाय लेंगे?"

त्यांच्या फ्रिजला पाठ टेकली, तेव्हा कुठे चौघी मावल्या. इतक्यात आईंची हाक आली, "जावईबापू, तिकडे कशाला गेलात?"

"ही पंच्याऐंशीची आहे, आई!"

"मग पंच्याहत्तरची आणायची! माझ्या वयाची!"

"माझ्या कॅमेऱ्याला तशी नाही मिळत!"

"का बरं? चपलांचे नंबर कसे ओळीने असतात!"

असा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी फ्रिजपाशी उभा राहून, जिन्यापलीकडे ओरडत व्याख्यान सुरू केलं. "पस्तीस, पन्नास, सत्तर, शंभर! दर पायरीला चित्रात मावणारा भाग साधारण निम्मा होतो, म्हणून ही उडी!"

"आणि पंच्याऐंशी?"

"ती चेहऱ्यांसाठी, आई! एका कंपनीने काढली, बाकीच्यांनी री ओढली!"

"अहो, दिवे विझले!" सुनीता किंचाळली.

पुन्हा तूप, पुन्हा वाती, पुन्हा ओवाळणं. मी बटण दाबलं, आणि नेमके भाभीजींचे यजमान, शेजारचे भाईसाहब, अंघोळ करून टॉवेलवर समोरून गेले. तोवर दिवे पुन्हा विझले. तिसऱ्यांदा लावून ताट उचललं, तर खाली टॅक्सीचा हॉर्न!

"मोबाइल द्या, मोबाइल!" मेव्हणी ओरडली. कपाटाची किल्ली माझ्या खिशात, आणि मी शेजारच्या घरात. मी धावत पोचून कपाट उघडेपर्यंत बहिणी जिना उतरल्या होत्या; त्यांचे मोबाइल खाली टॅक्सीत नेऊन दिले.

हाती एकच फोटो आला. त्यात भाईसाहबांचा टॉवेल धाग्यान् धागा स्पष्ट, आणि मागे धुक्यात चार बायका.

आईंनी तो बराच वेळ पाहिला. "तीनदा दिवे लावलेत. म्हणजे मी सव्वादोनशेची झाले," म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपले. हसून की रडून, ते मला कळलं नाही.

मी पायाशी बसलो. "आई, चुकलो. लेन्स अशा का असतात, ते मी पाठ केलं; आपला हॉल केवढा आहे, हे मात्र वीस वर्षं राहून मला माहीत नव्हतं. माफ करा."