धोंडूची बायको

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यात सगळ्यात जास्त दुखापत मला झाली.

डोळा त्यांचा एकदम झकास झाला. मोतीबिंदू निघाला, काळा चष्मा आला आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पथ्य त्यांनी शाळेतल्या हुशार मुलीसारखं ऐकून घेतलं. वाकायचं नाही. बरं. डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. बरं. मग डॉक्टर जाता जाता म्हणाले, "आणि आजी, दहा दिवस टीव्ही आणि मोबाईल बघणं बंद."

ऑपरेशनच्या टेबलावर ज्या बाईचा चेहरा हलला नव्हता, ती तिथं पांढरी पडली.

"दहा दिवस? मंग धोंडूचं काय?"

"धोंडू कोण?" डॉक्टर म्हणाले. "त्यांनाही दिसत नाही का? घेऊन या, तपासू."

धोंडू हे कार्टून आहे. संध्याकाळी पाच वाजता लागतं. धोंडू दिवसभर पिठाची गिरणी चालवतो. नाकात पीठ गेलं की शिंकतो आणि शिंकला की उडतो. मग आईची फुलाफुलांची चादर पाठीला बांधून तो गावावरची संकटं निवारतो. संकट रोज एकच, चिपकूशेठ नावाचा माणूस, जो गावभर डिंक सांडतो. सोबतीला एक बकरी, जी धोंडूपेक्षा हुशार आहे. (हे अवघड नाही.)

आमच्या सासूबाई बोरी अरबच्या. कापूस, तूर, सोयाबीन सगळं बघितलेली, मजुरांना एका नजरेत सरळ करणारी बाई. पण पाच वाजले की तिचं लहान लेकरू होतं. त्यांच्या आळीत नेमकी पाचला लाईन जाते आणि इनव्हर्टर फक्त त्यांच्याकडे, त्यामुळे दहा-बारा बायका रोज त्यांच्या बैठकीत धोंडू बघायला जमतात. आता सासूबाई डोळ्यासाठी आमच्याकडे लोहाऱ्याला आल्या, मेव्हणा आणि त्याची बायको दिवसभर शेतात, घराला कुलूप. म्हणजे डोळा एकीचा झाकला आणि टीव्ही बंद झाला बाराजणींचा!

बायकोनं, म्हणजे वर्षानं, तोडगा काढला. माझा नेहमीप्रमाणे विचार न घेता काढला.

"तुमी चार वाजता कंपनीतून येता. पाचले धोंडू पाहा आन् आईले सांगा. मले शिवणक्लासातून याले साडेसहा होतात."

"मी? कार्टून?"

"नाही तं काय आईले उघड्या डोळ्यानं पाहू देता?"

पहिल्या दिवशी सासूबाईंना आतल्या खोलीत बसवलं, दार लोटलं, टीव्हीचा आवाज बारीक केला आणि मी अर्धा तास मन लावून धोंडू पाहिला. साडेपाचला आत गेलो. त्या काळा चष्मा लावून पलंगावर ताठ बसल्या होत्या, न्यायाधीशासारख्या.

"सांगा जवाईबापू."

"तर मामी, धोंडू गिरणीवर होता. चिपकूशेठनं डिंक सांडला. धोंडू शिंकला, उडाला, त्याला मारलं आणि परत आला."

मी थांबलो. त्या वाट पाहत होत्या.

"अर्धा घंटा एवढंच?"

"मधे जाहिराती होत्या."

"आन् बकरी काय करत होती?"

"बकरी... होती."

"होती म्हंजे? बांधली होती का सुटली होती? बोलली का? काई खाल्लं तिनं?"

मला आठवेना. साडेसहाला वर्षा आली, तर सासूबाई तिला म्हणाल्या, "वर्षे, तुह्या नवऱ्याले लग्नातलं जेवन इचारलं तरी हे 'होतं' म्हंतीन!"

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसलो. (हो, वही! पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर असलेला पंचेचाळीस वर्षांचा माणूस बकरीनं काय खाल्लं ते लिहून घेत होता.) बकरीनं चिपकूशेठचा पायजमा खाल्ला. हे सांगितल्यावर सासूबाई समाधानानं हसल्या आणि सहाला गावाकडे शेजारच्या शांताबाईंना फोन लावून त्यांनी स्पीकरवर बाराजणींना तो पायजमा खाऊ घातला.

तिसऱ्या दिवशी मात्र घात झाला. माझी पहिली पाळी, पहाटे पाचला उठलेलो, त्यात कंपनीत मशीन बिघडली होती. सोफ्यावर बसलो, धोंडूचं गाणं सुरू झालं आणि पुढचं मला दिसलं ते थेट ट्रॅक्टरच्या टायरची जाहिरात. साडेपाच वाजले होते!

"जवाईबापू, झालं काय?"

खरं सांगून टाकणार होतो. पण आत गेलो तर त्या चष्म्यावर हात ठेवून म्हणाल्या, "दिवसभर आंधारात बसून कटाळा आला, बावा. दुपारून तं भेव वाटते, डोळा येते का नाही. तुमी धोंडू सांगता तेवढाच टाइम बरा जाते."

आता अशा बाईला 'मी झोपलो होतो' कसं सांगणार?

पण गोष्ट रचायची म्हणजे डोक्यात काहीतरी असावं लागतं. माझ्या डोक्यात त्या दिवशी एकच गोष्ट होती, सकाळी मी ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून वर्षा स्वयंपाकघरातून ओरडली होती, ती. आणि ती तिकडून बघू शकत नव्हती!

"तर मामी, आज काय झालं, धोंडूची बायको..."

"धोंडूले बायको? लगन कदी झालं त्याचं?"

"आजच झालं."

"आन् सांगता कदी!" त्या सरसावून बसल्या. "नाव काय तिचं?"

"वीजबाला. तिची शक्ती अशी, की ती चुलीपाशी बसूनही, पाठमोरी, सांगू शकते की ओला टॉवेल कुठं पडलाय. धोंडू गिरणीतून उडत घरी येतो, टॉवेल पलंगावर फेकतो, आणि तिकडून आवाज येतो, 'उचला!' धोंडू थरथर कापतो. चिपकूशेठला न घाबरणारा धोंडू!"

सासूबाई इतक्या हसल्या, की मलाच डोळ्याची काळजी वाटली. सहाला फोन झाला आणि आतल्या खोलीतून बाराजणींचं हसणं माझ्यापर्यंत आलं. माणसाला दारूची चटक लागते तशी मला त्या हसण्याची लागली.

चौथ्या दिवसापासून मी टीव्ही लावणंच बंद केलं. पाच ते साडेपाच निवांत झोप, मग पंधरा मिनिटं धोंडू! धोंडूनं दूध उतू जाऊ दिलं आणि पातेलं घासून जागेवर ठेवून निरागस तोंड केलं. वीजबालानं 'मी जाड दिसते का' विचारल्यावर धोंडू शिंक नसतानाही उडाला. धोंडू सासुरवाडीला जाताना दर वेळी त्याची गाडी पंक्चर व्हायची. मला वाटायचं, काय कल्पनाशक्ती आहे आपल्याकडे! आयुष्य उगाच पाइपात घातलं.

आठव्या दिवशी मी कळस केला.

"मामी, आज धोंडूच्या मेव्हण्याच्या पोराचं जावळ होतं. सगळे पाहुणे जमले. पण धोंडूनं सांगितलं, गिरणीवर ओव्हरटाइम आहे. आणि गेला कुठं? दोस्ताच्या वावरात, रोडग्यांच्या पार्टीला! गोवऱ्यांच्या आगीत भाजलेले कणकेचे रोडगे, वर तूप, वांग्याची भाजी, आणि मग निंबाखाली झोप."

"आस्सं," सासूबाई म्हणाल्या. "मंग सासूनं काय केलं?"

"सासू बिचारी भोळी. तिनं उलट बायकोसोबत डबा धाडला. पाच पुरणपोळ्या आणि तुपाची वाटी वेगळी."

"पाच?"

"पाच."

"वाटी कायची होती?"

"स्टीलची. झाकणाला पोचा पडलेली." (आपण किती बारकाईनं सांगतो आहोत, याचाच मला त्या क्षणी अभिमान वाटत होता.)

त्या हसल्या नाहीत. नुसत्या "बरं" म्हणाल्या. मी चहा ठेवायला गेलो. चहात साखर टाकताना आतून फोनवरचा आवाज आला.

"अवं शांते, आयकून राह्यली का? आपल्या पोट्ट्याच्या जावळाले जवाई आलेच नोते, आठवते? वर्षी म्हने ओव्हरटाइम हाय. मी काकुळतीनं पाच पोया धाडल्या, माहा जवाई उपाशी राबून राह्यला म्हून! आन् थे निंबाखाली रोडगे खाऊन झोपले होते वं माय!"

साखरेचा डबा माझ्या हातातच राहिला. तिकडून शांताबाई काहीतरी बोलल्या.

"मंग! वीजबाला म्हंजे आपली वर्षीच. मले तं पह्यल्याच दिवशी समजलं. टीव्ही कुठचा पाह्यतात थे, त्यायचं घोरनं दार लोटलं तरी आयकू येते!"

आणि बाराजणी हसल्या. पाच दिवस मी ज्या हसण्यावर फुगलो होतो, तेच हसणं. फक्त ते धोंडूला कधीच नव्हतं.

चहात मी किती चमचे साखर टाकली, देव जाणे. तो पाक मी कप भरून आत नेला. सासूबाईंनी एक घोट घेतला, चष्म्याआडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "गोड हाय. उद्या काय होते धोंडूचं?"

"उद्या... उद्या सुट्टी आहे मामी."

पुढचे दोन दिवस मी चार वाजता घरी येऊन जागा राहिलो, वही काढली आणि खराखुरा धोंडू शब्दन् शब्द सांगितला. बकरीनं काय खाल्लं तेसुद्धा. सासूबाईंनी दोन्ही वेळा जांभई दिली.

अकराव्या दिवशी तपासणी झाली. डोळा उत्तम, टीव्ही सुरू! वर्षानं क्लासला सुट्टी घेतली होती. पाच वाजता तिघं सोफ्यावर बसलो. मधे सासूबाई, एका बाजूला वर्षा, दुसऱ्या बाजूला मी, अगदी काठावर, पळायला बरं म्हणून. धोंडू शिंकला, उडाला, बकरी आली, डिंक सांडला. घरात धोंडूची म्हातारी आई तेवढी. बायकोचा पत्ता नाही.

वर्षा म्हणाली, "आई, तू तं फोनवर म्हनत होती, धोंडूचं लगन झालं. बायको तं दिसत नाही."

मी सोफ्याच्या काठावरून अर्धा उठलो. सासूबाईंनी टीव्हीवरून नजर हलवली नाही.

"माहेरी गेली असन," त्या म्हणाल्या.

बस्स! एवढंच. त्या क्षणी मला त्या माउलीच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. पाच पुरणपोळ्यांची फसवणूक पोटात घालून त्यांनी मला वाचवलं होतं. मी मनातल्या मनात शपथ घेतली, की यापुढे सासुरवाडीचा एकही कार्यक्रम चुकवणार नाही.

शनिवारी आम्ही त्यांना बोरी अरबला पोचवायला गेलो. त्या मेव्हण्याच्या गाडीतून, आम्ही मोटारसायकलवर. अंगणात पाय ठेवला तर बाराच्या बारा बायका हजर. शांताबाई पुढं झाल्या आणि वर्षाचा हात धरून म्हणाल्या,

"काहो वीजबाला, ओला टावेल कुठं हाय, सांगा बरं इथूनच!"

"कोण वीजबाला?" वर्षा म्हणाली.

मी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी नव्या, स्वच्छ डोळ्यानं आकाशाकडे पाहिलं.

मग जे झालं त्याला तोड नाही. बाराजणींनी मिळून माझे सगळे भाग सांगितले. टॉवेल, पातेलं, 'मी जाड दिसते का'. एक जण वीजबाला झाली, एक धोंडू झाली, शांताबाई निंबाखाली आडव्या होऊन घोरल्यासुद्धा. आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं सांगितलं, हे कबूल केलं पाहिजे. वर्षा हसली. सगळ्यांसारखीच, अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. घाबरण्यासारखं होतं ते तेवढंच.

आम्ही परत निघालो. अर्ध्या वाटेवर मागून आवाज आला.

"पुढच्या भागात काय होते, मालूम हाय?"

"मला कसं माहीत असणार?"

"मले मालूम हाय. धोंडू रविवारी सकाळी सहाले उठते. घरातले सगळे पडदे काढते. बारा पडदे. मशीनमधे नाही टाकत, हातानं धुते. पिळते. वाळू घालते."

"आणि वीजबाला?"

"वीजबाला टीव्ही पाह्यते."

मी मनातल्या मनात जरा सुस्कारा सोडला. बारा कसले? आमच्या दोन खोल्यांच्या घरात पडदे सहाच आहेत! रागात बायकोचा हिशेब चुकला, म्हटलं, अर्ध्यावर सुटलो. सकाळी सहाला उठलो, सहाच्या सहा पडदे काढून बादलीत बुडवले आणि शीळ घालत वर्षाला म्हणालो, "बघ, एवढेच निघाले."

तोंडातून पडद्याची झालर डोकावणारी, दाराआडची फुगलेली पिशवी तिनं माझ्यासमोर ठेवली. निघताना सासूबाईंनी गाडीला अडकवून दिलेली. मला आपलं वाटलं होतं, जावयासाठी कुरडया असतील.