बाईंचं ‘बेअर’

हिरेमठ बाई गेल्याचं मला मंडईत कळलं. त्यांच्या पुतण्यानं सांगितलं आणि मी भाजी न घेताच घरी परतले... बाई शुक्रवार पेठेत माझ्या माहेरच्या शेजारी राहायच्या. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, मूलबाळ नव्हतं. घरात कानडी, बाहेर मराठी आणि मुलींच्या शाळेत इंग्रजी, तिन्ही भाषा त्या सारख्याच मायेनं बोलत.

बहात्तरच्या दुष्काळात मी पहिलटकरीण म्हणून माहेरी आले होते. मॅट्रिकला इंग्रजीत नापास झालेली; मार्चमध्ये पुन्हा बसायचं होतं. बाई रोज दुपारी येऊन शिकवत. एक दिवस सासूबाई सांगोल्याहून मला बघायला आल्या आणि पोटुशीला कसली परीक्षा, म्हणून नको म्हणाल्या. लेकीच्या सासरचं माणूस. आई-वडिलांना शब्द मोडवेना. तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी वाद घातला नाही. सासूबाईंनाही शेजारी बसवून त्या दिवशीचं क्रियापद शिकवायला घेतलं. ओझं वाहायचं तरी बेअर, दुःख सोसायचं तरी बेअर, मूल जन्माला घालायचं तरी बेअर आणि झाडानं फळ धरायचं तरी बेअरच. आपला ‘भार’ आणि हा शब्द फार जुन्या एकाच मुळातून फुटलेले, असं त्या सांगत होत्या. सासूबाई मन लावून ऐकत होत्या.

“म्हंजी बोरीगत की,” त्या म्हणाल्या. “आवंदा पाणी न्हाई, तरीबी धरल्यात.”

“व्हय,” बाई त्यांच्याच बोलीत म्हणाल्या, “हिलाबी दोन्ही झेपंल. बसू द्या परीक्षंला.”

पेपरच्या दिवशी सासूबाई पुन्हा सांगोल्याहून आल्या. टांगा त्यांनीच बोलावला, आणि पेपर सुटेपर्यंत शाळेच्या आवारात बसून राहिल्या. मी पास झाले. त्याआधीच लेक झाली होती. बाई तिला बघायला आल्या, तेव्हा मी एक अडलेलं विचारलं. या क्रियापदाची ‘बॉर्न’ अशी दोन रूपं. ओझं वाहिलं तर शेवटी ‘ई’ लिहायचा, मूल जन्मलं तर नाही. असं का?

बाळाला मांडीवर घेत बाई हसल्या. “मोकळी झाली की...”

हे काही व्याकरणातलं कारण नव्हे, असंही त्यांनी लगेच सांगितलं. पण तो ‘ई’ मी पुन्हा कधी चुकले नाही. स्वतः काय काय सोसलं, ते मात्र बाई कधीच बोलल्या नाहीत.

गेल्या आठवड्यात पुतण्यानं त्यांची खोली उघडली. भिंतीशी शिकायला येणाऱ्या मुलींसाठीची चटई अंथरलेलीच होती. मी तिथं बसले असताना दारात एक मुलगी आली, पुस्तक छातीशी धरून. बाई कुटं गेल्यात, म्हणाली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. मग मी चटईवर सरकून तिला जागा केली आणि कुठला शब्द अडलाय, ते विचारलं.