मी बोलावलं होतं

मार्थाबाई गेल्याचं मला बडा गणपतीजवळच्या दोऱ्या-बटणांच्या दुकानात कळलं. रीळ कागदात बांधता बांधता दुकानदार सहज म्हणाला, “आपके स्कूल में थीं ना, वो सिलाईवाली बाई, जो बाद में मानपुर चली गईं... गुजर गईं. पंद्रह दिन हो गए.” मी रीळ पिशवीत टाकलं, घरी आले, चुलीवर भात लावला, सगळ्यांना वाढलं. रडू आलं नाही. रडायचा हक्क मी कधीच घालवून बसले होते.

आम्ही दोघी इथे इंदूरच्या एका मुलींच्या शाळेत होतो. मी मराठी शिकवायचे, त्या शिवण. मध्यभारत राज्य नुकतंच झालं होतं. राजधानी निम्मं वर्ष ग्वाल्हेरला, निम्मं इंदूरला. माझे यजमान सचिवालयात कारकून, म्हणून दप्तरांबरोबर तेही जात. घरी सासूबाई, मी आणि चार वर्षांची उषा. उषाच्या आधीचा मुलगा अकराव्या महिन्यात झोपेतच गेला, तेव्हापासून धास्तीनं मला धरलं होतं. रोज मधल्या सुट्टीत मी धावत घरी जाई, उषाच्या छातीवर हात ठेवून बघे आणि धावत परत येई. एकदा मार्थाबाईंनी फाटकापाशी थांबवलं.

“मुलगी आजारी आहे का?”

“नाही.”

“मग तुम्ही आहात,” त्या म्हणाल्या आणि मला शिवणाच्या खोलीत घेऊन गेल्या.

त्या दिवशी कळलं, महूला असताना एकाच आठवड्यात त्यांचा नवरा आणि मुलगा कॉलऱ्यानं गेले होते. “मी दिवसभर हात धुवायचे,” त्या म्हणाल्या. “कातडी निघाली पार. मग एक दिवस प्रभूला म्हटलं, मला हे पेलत नाही, तू घे. दुसऱ्या दिवशी सकाळी परत माझ्याच छातीवर. परत दिलं. असं रोज द्यावं लागतं बाई, एकदम नाही सुटत.” त्यांनी मला कधी चर्चला या म्हटलं नाही. फक्त मधल्या सुट्टीत माझ्याशेजारी बसत. हळूहळू मी एक दिवसाआड घरी जाऊ लागले, मग आठवड्यातून एकदा.

पुढल्या वर्षी उषाला मुदतीचा ताप आला. यजमान ग्वाल्हेरला. सोळाव्या दिवशी ती मला ओळखेना, तेव्हा मी तडक मार्थाबाईंच्या खोलीवर गेले. म्हटलं, “तुमच्या प्रभूला माझ्यासाठी सांगा. माझ्या तोंडून शब्द निघत नाही.” त्या तशाच निघाल्या. उषाच्या खाटेशी गुडघे टेकून साध्या मराठीत, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशा बोलल्या. सासूबाई दारात उभ्या होत्या. ताप पुढे त्याच्या मुदतीनं उतरला, मी त्याहून जास्त काही म्हणत नाही. पण त्या दुपारी कित्येक दिवसांनी मी भिंतीला टेकून तासभर झोपले.

आठवड्यानं शाळेच्या मोठ्या बाईंनी बोलावलं. कमिटीकडे तक्रार गेली होती की शिवणाच्या बाई हिंदूंच्या घरात शिरून आजारी मुलांवर प्रार्थना करतात. मार्थाबाई समोरच बसल्या होत्या. “तुम्ही बोलावलं होतं का यांना?” मोठ्या बाईंनी मला विचारलं. सासूबाईंचा चेहरा आठवला, यजमानांची नोकरी आठवली, माझी आठवली... मी म्हणाले, “नाही. त्या आपणहून आल्या.”

मार्थाबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. महिनाअखेर त्यांची नोकरी गेली आणि त्या मानपूरला गेल्या. ओळखीच्या एका बाईंच्या घरी खोली घेऊन कपडे शिवू लागल्या.

तीन वर्षं मी गेले नाही. शेवटी गेले तेव्हा त्यांनी आधी उषाची चौकशी केली. मी माफी मागितली. त्या मशीनचं चाक हातानं फिरवत राहिल्या. “खोटं नाही सांगणार,” त्या म्हणाल्या, “फार राग आला होता. रोज तुमचं नाव घ्यायचे प्रार्थनेत, पण रागानं. म्हणायचे, या बाईचं मी काय करू? घेता घेता राग दमला. नाव राहिलं.”

मी त्यांना शब्द दिला की कमिटीला खरं काय ते लिहून कळवीन. त्या म्हणाल्या, “लिहा. माझ्यासाठी नको, तुम्हालाच झोप येईल.” त्याला दोन वर्षं झाली. मी लिहिलं नाही.

बातमी कळल्यावर पुढल्या रविवारी मानपूरला गेले. खोली रिकामी होती. घरमालकीण म्हणाली, “बाईजी सुबह चाय के पहले पाँच मिनट चुप बैठती थीं. अब हम भी बैठ जाते हैं. आदत पड़ गई.”

हा लेख लिहून झाल्यावर यजमानांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा काढून ठेवला. “छापायला देऊ नकोस,” म्हणाले. “आईला काय वाटेल? शाळेत काय म्हणतील?” सगळे माझेच जुने प्रश्न. आज सकाळी चहाच्या आधी मी स्वयंपाकघरात पाच मिनिटं गप्प बसले. काय म्हणायचं ते नीट सुचलं नाही. तशीच उठले, पायात चपला घातल्या आणि लेखाचं पाकीट टपालात टाकून आले.