निखळलेला दात

तीस वर्षं मिस्त्री पोकलेनच्या बकेटचे दात बसवत आला होता. दगड खाऊन दात बोथट व्हायचे, बकेटची कड चिरायची, की खाणीतून बकेट त्याच्या शेडमध्ये यायची. झिजलेलं कापायचं, नवं जोडायचं. जाड पोलाद वेल्डिंगच्या आधी गॅसच्या ज्योतीवर तापवावं लागतं, नाहीतर सांधा आतून तडकतो. हे तो झोपेतही सांगू शकला असता.

एका दुपारी मात्र खाणमालक डोक्यावर येऊन बसला. "मशीन उभी आहे, आटप!" मिस्त्रीने शेवटचा दात न तापवताच जोडला.

पाचव्या दिवशी तो निखळला, दगडांबरोबर खडी फोडणाऱ्या क्रशरमध्ये गेला आणि क्रशरचा जबडा फुटला. मालकाने खापर फोडलं ऑपरेटरवर. बकेट आपटतो म्हणून त्याला कामावरून काढलं. ऑपरेटर म्हणजे मिस्त्रीच्या बायकोचा धाकटा भाऊ.

"त्या मशीनवर त्याचा हात लोण्यासारखा चालतो," बायको जेवताना म्हणाली. "तो आपटेल कशाला?"

मिस्त्री ताटावरून उठला. तुटलेला तुकडा त्याने खाणीत जाऊन पाहिला होता. सांध्याच्या कडेने सरळ चीर गेली होती. चूक कोणाची, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

तरी अकरा दिवस त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. बाराव्या दिवशी खाणीवर गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "त्याचा दोष नाही. सांधा मी न तापवता मारला."

मालक म्हणाला, "उद्यापासून त्याला पाठव. तू मात्र येऊ नकोस."

तिथून तो थेट मेव्हण्याच्या खोलीवर गेला.

"मला ठाऊक होतं, दाजी," मेव्हणा म्हणाला. "बकेट लावतानाच दिसलं. तापवलं की आजूबाजूचा रंग जळतो. त्या दाताजवळचा जळलाच नव्हता."

"मग मशीन चालवलीस कशाला?"

"तुमच्या हातचं काम. वाटलं, टिकेल."



मेव्हणा कामावर गेला. मिस्त्रीचं खाणीचं काम तुटलं. शेडमध्ये आता फाटकं आणि जाळ्या बनू लागल्या. मेव्हणा बहिणीकडे यायचा, जाताना नुसतं "येतो" म्हणायचा. पूर्वी दाजींची थट्टा केल्याशिवाय तो उंबरा ओलांडत नसे.

दीड वर्षाने एकदा तो शेडच्या दारात थबकला. "फाटक झकास झालंय, दाजी. उघडतं का पण?"

मिस्त्रीने मान वर केली नाही. बराच वेळ तो बिजागरीला तेल घालत राहिला.