बाळाजीकाकाचा रोमचा फोटो

बाळाजीकाकाला रोम कसं होतं विचारलं की तो म्हणतो, "दगड." बस, खलास! अरे आमच्या ओळखीत युरोपला गेलेला हा एकटा माणूस, आणि हा म्हणतो दगड! मला इतका राग यायचा ना. बाकीचं आईने त्याला जेवायला वाढता वाढता काढून घेतलं.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. आम्ही इकडे गल्फमध्ये मनामात, तो जवळच बुदैयात एका अरबाबाकडे, म्हणजे अरब मालकाकडे, ड्रायव्हर. त्र्याऐंशी साली अरबाब बायकामुलांना घेऊन दोन दिवस रोम बघायला निघाला. त्याची म्हातारी आई, उम्मी, व्हीलचेअरवर. ती ढकलायला काका.

पण तिकडे गावी, गुहागरकडे, मालूआजीने, म्हणजे काकाच्या आईने, गावभर सांगितलं, बाळा रोम बघायला चाललाय! वाडीत घरोघरी गल्फवाल्याचा फोटो असतो, कोट घालून कुणाच्या तरी गाडीला टेकलेला. काकाचा एकही नव्हता. आजी पत्र लिहीत नाही, कॅसेट भरून पाठवते. त्यात म्हणाली, "लोक म्हणतात तुझा मुलगा तिकडे भांडी घासतो. एक फोटो पाठव रे, मागे रोम दिसू दे."

म्हणून काकाने त्याच्या खोलीत राहणाऱ्या शब्बीरचा कोट घेतला, बाबांचा कॅमेरा घेतला.

पहिला दिवस नुसता ढकलण्यात गेला. सगळे रस्ते दगडी, चढउताराचे, चाक फटीत अडकायचं, उम्मी कळवळायची, की काका खुर्ची पुढून उचलून घ्यायचा. सगळे माना वर करून इमारती बघतायत आणि हा खाली दगड. अरबाबाच्या पोरांचे फोटो यानेच काढले. "अब मेरा एक?" म्हटलं तर, "बाद में, बाद में." अनोळखी माणसाच्या हातात कॅमेरा द्यायचा नाही, चोर आहेत, असं अरबाबाने आधीच बजावलेलं.

दुसऱ्या दिवशी सगळे खरेदीला गेले. उतारावरच्या एका कारंज्यापाशी हे दोघंच. काकाने भर उन्हात कोट चढवला.

उम्मी म्हणाली, "पागल हुआ? इतनी गर्मी में?"

"फोटो, उम्मी. माँ को भेजना है."

"ला इधर."

"आप निकालेंगी?"

"क्यूँ, मेरे हाथ टूट गए? यल्ला, पीछे जा!"

काका मागे सरकला आणि खुर्ची लागली की घरंगळायला! ब्रेक धरतच नव्हता. धावत येऊन धरली. परत सरकला, परत तेच. शेवटी एका हाताने खुर्ची घट्ट धरून, हात लांबेल तितका मागे झाला. उम्मीने दाबलं. रीळ संपलं.

मनामात धुऊन आला तो फोटो. नुसतं काकाचं तोंड, घामेजलेलं, आणि पुढे भला मोठा हात. कारंजं नाही, काही नाही.

बाबा म्हणाले, "बाळ्या, हा तर आपल्या गच्चीवर पण निघाला असता रे!"

काका हसला नाही. तोच पाठवला, दुसरा होता कुठे.

मग आजीची कॅसेट आली. शुक्रवारी काका आमच्याकडे आला, बूट न काढताच सोफ्यावर बसला. मी टेप लावला.

"बाळा, फोटो मिळाला. मागचं काय दिसत नाही. कुणाला दाखवला नाही मी, उशाशी ठेवलाय. डोळे किती खोल गेले रे तुझे. झोप होते ना?"

"परत लाव," काका म्हणाला.

मी रिवाइंड करून लावला. "झोप होते ना" येईपर्यंत काका झोपला होता, मान एका बाजूला, हात फोटोतल्यासारखाच पुढे. आईने हळूच बूट काढले त्याचे. टेप चालूच होता, आजी आता म्हशीचं सांगत होती.